भरतीचं पाणी धरून

क्वाह बंदरासमोर, लंकावी
सोमवार, ४ मे १९८७, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटे

ती. थोरली बहीण काक लोंग हिस धाकट्या जुनैदीचा सलाम वि. वि.

तांदूळ धुऊन ठेवले आणि लिहायला बसलो. रोजा सुटायला दोन तास आहेत. किनाऱ्यावरची अजान पाण्यावरून इथवर येते. तेवढाच काय तो माणसाचा आवाज.

हेनिंग साहेब डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मायदेशी गेले, ते ऑगस्टमध्ये येतील. तोवर त्यांची ही शिडाची नौका आणि मी. जुन्या नांगराच्या हाताला चीर गेली आहे. जाताना साहेबांनी सहाशे रिंगिट दिले आणि नवा नांगर तूच निवड म्हणाले. तेव्हापासून मला झोप नाही. या महिन्यात इथे सुमात्राकडून अचानक वादळी वारा सुटतो, आणि मागे खडक आहेत. नांगर भरवशाचा मिळाला तर नौका चार दिवस एकटी सोडून ईदला घरी येईन. नाही मिळाला तर येणं नाही.

दुकानदार टौके बेंगकडे दोन आहेत. एक आपल्या जुन्या धाटणीचा, आडव्या दांड्याचा. दुसरा शेतातल्या नांगरासारखा, एका फाळाचा. तळाला चिखल आहे. नौका आपल्या पाक सू काकांनीच बांधलेली, तेव्हा त्यांना विचारून कळव.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा जुनैदी

दुयोंग बेट, तेरेंगानू
११ मे

चि. जुनैदीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकही अक्षर चुकलेलं नाही. इतकी धास्ती शाळेत घेतली असतीस तर आज मास्तर झाला असतास.

पाक सूंना वाचून दाखवलं. आधी ते हसले. ज्याने म्हशीमागे कधी नांगर धरला नाही त्याला समुद्रात फाळ कशाला हवा, म्हणाले. मग विडी शोधत आत गेले, रोजा आठवला तसे हात हलवत परत आले आणि म्हणाले, चिखल असेल तर फाळाचाच घे, तो खोल शिरतो. पण नांगरापेक्षा साखळीवर पैसे घाल. साखळी तळाशी आडवी पडली तरच नांगर चिखल धरतो. उभी ओढली तर उपटून येतो. पाणी जितके वाव, त्याच्या पाचपट साखळी सोड. वाव स्वतःच्याच पसरलेल्या हातांनी मोज, दुकानदाराचे हात नेहमी आखूड असतात.

पोरांना सांगून ठेवलं आहे की मामा येतोय. तुझा नवा सारोंग शिवून तयार आहे. आल्याशिवाय राहू नकोस.

तुझी काक लोंग

लंकावी
गुरुवार, २१ मे

ती. काक लोंग हिस सलाम वि. वि.

फाळाचाच घेतला. पाणी चार वाव भरलं, म्हणून वीस वाव साखळी घेतली. दोन्ही हात पसरून मोजत होतो, तर मिठी मारायला कोणी नाही म्हणून साखळीलाच मारतोस काय, असं टौके म्हणाला. नौका इंजिनाने मागे खेचून पाहिली. तसूभर हलली नाही. पंचवीस तारखेच्या बसचं तिकीट काढलं आहे. पोरांना फटाके आणतो, पण त्यांना आत्ताच सांगू नकोस.

जुनैदी

लंकावी
शनिवार, ३० मे

ती. काक लोंग हिस ईदचा सलाम वि. वि.

तार मिळाली असेल. तारेत सगळं मावलं नाही.

चोवीस तारखेला सकाळी वारा सुटला. मी रोज मशिदीचा मनोरा आणि धक्क्यावरचा दिवा एका ओळीत धरून पाहतो. पाहता पाहता मनोरा बाजूला सरकू लागला. नौका खडकांकडे चालली होती. हाताला लागला तो जुना दोर साखळीला जोडून पुढे सोडला, तेव्हा कुठे थांबली.

चूक नांगराची नव्हती, पाक सूंचीही नाही. मी पाणी ओहोटीला मोजलं. आपल्या किनाऱ्यावर समुद्र चढतो तो कमरेएवढा, कोण हिशेबात धरतो? इथे दीड पुरुष चढतो. आडवी पडायची साखळी भरतीत उभी झाली. जन्म पाण्यावर गेला, आणि हे मला कळलं नाही.

दोराच्या भरवशावर नौका सोडवेना. तिकीट परत केलं आणि आणखी दहा वाव साखळी घेऊन जोडली. ईदच्या आदल्या दुपारी त्याहून मोठा वारा आला. मी नौकेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, साखळीला हात लावून बसलो होतो. मनोरा जागचा हलला नाही. हे सांगायला वळलो तर मागे कोणी नव्हतं.

ईदला नमाज पढून परत आलो, भात आणि खारी मासळी खाल्ली. टौकेने पोराबरोबर संत्री पाठवली होती. आता नौका सोडून खुशाल कुठेही जावं, इतका नांगर पक्का आहे. ईद तेवढी होऊन गेली.

सारोंग पेटीत ठेव. पाक सूंना सांग, त्यांची नौका जागेवर आहे. आणि माझ्यावर रागावून पत्र बंद करू नकोस, एवढी विनवणी.

तुझा जुनैदी

ता. क. साहेबांच्या पैशांतून नांगर ३८०, साखळी २००, कड्या ८. शिल्लक १२, वेगळे ठेवले आहेत. वाढीव साखळी १००, ती माझ्या हिशेबी: तिकिटाचे परत आलेले २२, साठवलेले ६०. टौकेचं देणं १८. तुझं किती, ते तूच मांड.