रस्त्यापलीकडचे पणजोबा

बॅलिनाव्हर,
१९ ऑक्टोबर १९७४

प्रिय मलाकी,

तू आणि हेस्टर खुशाल असाल, लीड्सचा धूर तुम्हाला मानवत असेल, असं धरून चालते. इकडे बटाटे काढून झाले, तांबडी गाय व्याली, पाऊस आहेच. आणि मी पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखणारी बाई दोन दिवस स्वयंपाकघरात नाचते आहे. पणजोबा सापडले रे!

कुठले पणजोबा, काय सापडले, असं विचारशील. थांब, नीट सांगते. आपल्या कॅथलिक चर्चच्या इमारतीची शताब्दी येते आहे. वसंतात बाबांनी सगळ्या गावासमोर जाहीर करून टाकलं की आपल्या वेल्डनांची वंशावळ मांडून सभागृहात लावू, आणि त्यातलं प्रत्येक नाव फादर कॉर्नेलियसच्या बाप्तिस्म्याच्या वहीत निघेल, एकही बाहेरचं नसेल. जाहीर त्यांनी केलं, काम माझ्या गळ्यात पडलं.

बाबांना एवढी हौस का, हे तुझ्याइतकं कोणाला कळणार? तुझ्या लग्नाच्या दिवशी ते रस्त्यापलीकडच्या चर्चच्या फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहिले होते. सगळे कॅथलिक उभे राहत तसेच. लग्न असो की मयत, प्रोटेस्टंटांच्या दारात पाऊल टाकायचं नाही. तेवढ्यावर भागलं असतं. पण तू हेस्टरला घेऊन बाहेर आलास तेव्हा तिच्या तोंडावर म्हणाले, "इथल्या बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली आजवर एकाही वेल्डनचं डोकं गेलेलं नाही." आणि तू म्हणालास, हा माणूस त्या दारातून आत जाऊन हेस्टरची माफी मागेपर्यंत मी या गावात येणार नाही. दोघेही शब्दाला पक्के. बावीस वर्षं मी मधल्यामध्ये पत्रं लिहिते आहे.

तर, वही. सगळे भराभर मिळाले. अडले ते थॉमस पणजोबा, म्हणजे बाबांचे आजोबा, ज्यांनी बाबांना मांडीवर बसवून जपमाळ शिकवली. त्यांच्या तिन्ही बहिणी वहीत आहेत: अनास्तासिया, ब्रिजेट, ज्युलिया. आईबापांची नावं तीच, वाडी तीच. पण थॉमस नाहीत! मी शेजारच्या पॅरिशच्या वह्या पाहिल्या, त्याच्या पलीकडच्याही पाहिल्या. फादरांच्या घरच्या धुळीने मला खोकला जडला. शेवटी मी वैतागून म्हणाले, "फादर, हा माणूस जन्मलाच नाही असं लिहून टाकू का?"

फादरांनी चष्मा पुसला. परत पुसला. मग म्हणाले, "कॉनी, मुलींच्या नोंदीत बापाच्या नावापुढे एक लॅटिन शब्द आहे बघ."

"काय अर्थ त्याचा?"

"कॅथलिक नसलेला."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"मी पहिल्याच दिवशी वाचला होता गं. पण तुझ्या वडिलांना सांगायला मी काय वेडा आहे? मला या गावात राहायचंय!"

मलाकी, मी त्यांच्या खुर्चीत बसून पोट धरून हसले. पूर्वी मिश्र लग्नात मुली आईच्या चर्चमध्ये जायच्या आणि मुलगे बापाच्या. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. पण आपल्या घरात ती कोणाच्या डोक्यात येणार? सगळा तालुका पालथा घातला, फक्त समोरचा रस्ता ओलांडला नाही.

कोट न घालताच पळत गेले. तुझ्या सासऱ्यांच्या जागी आता रेव्हरंड पेम्बर्टन आहेत, भले गृहस्थ, चहा मात्र पांचट देतात. त्यांच्या चर्चच्या जुन्या वह्या डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्यात पाठवल्या जायच्या, त्या १९२२ सालच्या आगीत जळाल्या असाव्यात अशी मला भीती होती. ते म्हणाले, "इथल्या तेव्हाच्या रेव्हरंडांनी वही कधी पाठवलीच नाही. आळशी होते बिचारे." देव त्या आळशाचं भलं करो! पान उलटलं आणि थॉमस वेल्डन समोर. बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये, त्याच दगडी कुंडात. लग्नासाठी कॅथलिक झाले ते पुढे.

बाबांना सांगितलंस का, हे तू विचारणारच. सांगितलं. आधी ओरडले, "वही खोटी आहे!" मग म्हणाले, "पेम्बर्टनने लिहिलं असेल." मी म्हटलं, "बाबा, दीडशे वर्षांपूर्वी?" मग जेवले नाहीत. काल मिस्सा संपल्यावर मोटारीत बसले आणि म्हणाले, "घरी नको. पलीकडे घे."

आत गेले, मलाकी. माझ्या दंडाला धरून, पण आत गेले. फादर कॉर्नेलियस मागोमाग, कोण भांडलं तर सोडवायला. बाबांनी कुंडाच्या काठावरून हात फिरवला आणि रेव्हरंडांना विचारलं, "आधीच्या पाद्रीसाहेबांची मुलगी, हेस्टर. तिचा बाप्तिस्माही इथेच का?"

"हो, इथेच."

"म्हणजे ती पोर आणि माझे आजोबा एकाच ठिकाणचे," असं म्हणाले आणि बाकावर बसून रडले. मी त्यांना आईच्या मयतीलाही रडताना पाहिलं नव्हतं.

एक गोष्ट मी वरती टाळली. गाईची खबर दिली, बटाट्यांची दिली, त्यांच्या तब्येतीची दिली नाही. त्यांच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, नाताळ दिसेल असं वाटत नाही. बाबांना माहीत आहे. मी मुद्दाम शेवटी लिहिलं, कारण नुसतं आजारपण ऐकून तू दयेपोटी यावंस असं मला नको होतं.

आता हा कागद हेस्टरच्या हातात दे आणि तू जाऊन चहा टाक.

हेस्टरवहिनी, पुढचं तुझ्यासाठी आहे. मी काल रात्रीच मलाकीला पत्र लिहायला बसले होते. बाबा म्हणाले, "त्याला बोलावू नकोस. तो माझाच मुलगा, उगाच हटून बसेल. अपमान मी तिचा केला. तिला विचार, या म्हाताऱ्याला माफी मागू देशील का? मला बोटीचा प्रवास झेपणार नाही, म्हणून तिलाच यावं लागेल, हेही सांग. नाही म्हणाली तर तिचं बरोबर आहे."

मी जसंच्या तसं लिहिलं आहे. तू नाही म्हणालीस तर मी ते त्यांना सांगेन आणि तुझ्यावर रुसणार नाही. पण यावेळी उत्तर तू लिही. लहानपणी मी तुला नुसतं हेस्टर म्हणत होते, आणि नंतर नात्याने हाक मारायला तू समोर आलीच नाहीस. म्हणून खालची सही मी अशी पहिल्यांदाच करते आहे.

तुझी नणंद,
कॉन्सेप्टा