शेजारच्या विहिरीतला रंग

१७ सप्टेंबर १९७४

भीमाबाई आल्या होत्या! पलीकडच्या प्लॉटवरच्या, कॉर्पोरेशनच्या शाळेत शिकवतात त्या. महाल भागातलं जुनं घर सोडून आम्ही तलावाकाठच्या या ले-आऊटमध्ये आलो त्याला तीन वर्षं झाली, पण आमच्या फाटकाच्या आत त्या आज पहिल्यांदाच आल्या. बसल्या मात्र नाहीत. त्यांची वच्छला पुन्हा आजारी — ताप, हगवण. पावसाळा लागल्यापासून हेच. पोरीच्या अंगावर मांस म्हणून उरलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी पाहा.

माझ्या सासऱ्यांना म्हणाल्या, "दादाजी, तुमच्या संडासाच्या टाकीचं पाणी ज्या खड्ड्यात मुरते, तो खड्डा अन् माही विहीर, मधात निस्ती भिंत आहे. भांडाले नाही आली मी. पाहून घ्या, एवढंच म्हणते."

दादाजी उठून भिंतीपर्यंत जाऊन आले. मग — "जमिनीखालचं डोळ्यांना कसं दिसेल, बाई? रंग टाकू."

त्या गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "विहीर त्यांची घाण, अन् नाव आपलं!" गल्लीही हेच बोलते. भीमाबाईंच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, बौद्ध झाले, तरी आमच्या गल्लीच्या लेखी ते अजून "ते लोक"च. हे इथंच लिहिते. माझं सगळं धाडस वहीत.

१८ सप्टेंबर

दादाजी सायकल काढून मिलमध्ये गेले. रंगखात्यात उभा जन्म काढलेला माणूस! जुन्या ओळखीवर हिरव्या रंगाची पुडी घेऊन आले. हा रंग मातीत अडत नाही, पाण्याबरोबर जातो आणि उन्हात चमकतो म्हणे. संडासात ओतला, वरून बादल्यांवर बादल्या पाणी. कोपरापर्यंत हात हिरवे.

ह्यांचं म्हणणं, "बाबा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राहिले." मला मात्र ते हिरवे हात फार आवडले.

१९ सप्टेंबर

गणपती बसले. भीमाबाईंच्या विहिरीचं पाणी स्वच्छ. सासूबाई खूश.

२१ सप्टेंबर

भिंतीवरून हाक आली, "प्रेमा, ये वं इकडे." गेले. बादली उन्हात ठेवलेली. पाणी हिरवं! संशयाला जागाच नाही. वर काळी माती असली तरी खाली सगळा मुरूम, आणि तलाव भरला की इथं पाणी हाताशी येतं. आमची सगळी घाण सरळ त्यांच्या विहिरीत जात होती, आणि ती पोर ते पीत होती.

दादाजी आले. बादलीकडे पाहिलं आणि आधी विचारलं, "पोरगी कशी आहे?" मग म्हणाले, "चूक माझी. ते पाणी आता कशालाच वापरू नका." घरी येऊन संडासाला कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली.

परवा महालक्ष्म्या जेवणार! महालातून सगळे नातेवाईक येणार! सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

२३ सप्टेंबर

दादाजी फाटकात उभे. येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगत होते, "संडास बंद आहे, त्याचं पाणी शेजारच्या विहिरीत झिरपते. पलीकडे मैदान आहे." स्वतः पहाटे तांब्या घेऊन तिकडेच जाऊन आले होते. बायकांचे हाल झाले ते झालेच, मी काही खोटं लिहीत नाही. पण स्वयंपाकघरात पुरण वाटता वाटता मला हसू आवरेना, आणि दुसऱ्या क्षणी डोळे भरून आले. असा सासरा कुणाला मिळतो?

पंगतीत गोपाळराव, आमच्या दुसऱ्या बाजूचे शेजारी, म्हणाले, "पण सांगाची गरज काय होती? बिनरंगाचं पाणी कोणाले दिसलं असतं?"

"मला दिसलं ना," दादाजी म्हणाले आणि कढी मागितली.

२९ सप्टेंबर

नवा शोषखड्डा पुढे, फाटकाजवळ. सगळ्या विहिरींपासून लांब अशी तेवढीच जागा. त्यासाठी दादाजींचं संत्र्याचं झाड गेलं. स्वतः तोडलं त्यांनी. मागच्या टाकीपासून फाटकापर्यंत नळ टाकायचा तर उतार हवा. पारदर्शक नळीत पाणी भरून ते उतार मोजत होते, गुडघे मातीत.

सासूबाई म्हणाल्या, "आता रांगोळी काय संडासाच्या पाण्यावर काढू?"

दादाजी म्हणाले, "काढ. आपलंच आहे."

मला आज एक गोष्ट कळली. या गल्लीत प्रत्येकानं संडास आपल्या देवघरापासून, आपल्या विहिरीपासून होईल तितका लांब बांधला. लांब म्हणजे कुठे? शेजाऱ्याच्या विहिरीजवळ! आम्ही भीमाबाईंच्या माथी, गोपाळराव आमच्या माथी.

९ ऑक्टोबर

जुना खड्डा बुजवला. भीमाबाईंची विहीर पंप लावून उपसली, ब्लीचिंग पावडर टाकली. पंपाशी दादाजी छत्री घेऊन दिवसभर बसले. भीमाबाईंनी चहा दिला, तो प्यायले. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं.

१७ ऑक्टोबर

नव्या पाण्यात हिरव्याचा अंश नाही. वच्छला आता भाकरी खाऊन राहिली. भीमाबाईंनी भिंतीवरून सांगितलं.

दादाजींनी आज लाल पुडी आणली. गोपाळरावांकडे गेले — "आता आमची विहीर पाहू. तुमच्या टाकीत टाकू द्या."

"माह्या टाकीत कोणाचा रंग पडणार नाही," गोपाळराव म्हणाले. दादाजींनी परोपरीनं सांगितलं. नाहीच. पुडी तशीच परत आली.

सासूबाई निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही म्हणतो काहून? म्हणजे आहे." ताटातले तांदूळ तसेच राहिले. नवरात्राच्या घटासमोर आपण कसलं पाणी ठेवलं, हेच त्यांच्या मनात आलं असणार. पाणी उकळायला ठेवलं. प्यायला कुणी हात लावेना.

१९ ऑक्टोबर

सकाळी सासूबाई सोवळ्यानं, घागर आणि आपला दोर घेऊन निघाल्या. कुणाला काही सांगितलं नाही. मी मागोमाग. भीमाबाईंच्या दारात जाऊन म्हणाल्या, "प्यायला पाणी हवं होतं."

भीमाबाई म्हणाल्या, "न्या की. रोज न्या. पण तो दोर तिकडं ठेवा. बाहेरचं काही मी माह्या विहिरीत पडू देत नाही आता. बादली आमची, दोर आमचा, काढीन मी."

सासूबाईंनी दोर माझ्या हातात दिला आणि घागर पुढे केली.