दुसऱ्या मजल्यावरचं यरीहो

१ नोव्हेंबर, रविवार

आजपासून विजयी जीवन. फायनल.

पाळकसाहेबांचा उपदेश आज थेट माझ्यासाठी होता. विश्वास आणि आज्ञापालन, ही दोन पावलं धरली की पराभव मागे पडतो. बाकीची मंडळी जांभया देत होती, माझ्या अंगावर काटा आला. तेव्हाच ठरवून टाकलं. राग बंद. उशिरा उठणं बंद. उपासनेत तिच्याकडे चोरून बघणं बंद. यापुढे उघड बघायचं, विश्वासाने.

ती क्वायरमध्ये गाते. आमचं तसं जुनं आहे. मागे एकदा बाकाजवळ तिने मला ‘जरा सरकता का?’ असं विचारलं होतं. मी सरकलो होतो. एवढ्या सगळ्या माणसांत तिने मलाच का विचारावं? प्रभूच्या योजनेत योगायोग नसतात.

निघताना पाळकसाहेबांनी दंड धरला. म्हणाले, “अरे, संडे स्कूलच्या खोलीतली ती काच बसवणार होतास ना? पुठ्ठ्याने भागत नाही. क्वायरच्या प्रॅक्टिसला पोरं कुडकुडतात.” म्हटलं, या आठवड्यात नक्की. माणूस देवाचा आहे, पण एवढ्या उंचावरून बोलून झाल्यावर लगेच काचेवर येतो.

२ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे उठलो होतो. प्रार्थना पडल्या पडल्या सुरू केली, ती दुकान उघडायच्या वेळेपर्यंत चालली.

काचेच्या दुकानात काम करण्यात कमीपणा नाही, पण मालक दिवसभर मापातच बोलतात. “दोन बाय तीन, पाच एमएम, कडा घास.” संपलं. दुपारी एक बाई आल्या. म्हणाल्या, या आरशात तोंड रुंद दिसतं. मी म्हणालो, आरसा बरोबर आहे. त्यात माझा आवाज थोडा चढला. मालकांनी मला मागे पाठवलं, कडा घासायला.

तो राग नव्हता. ती सत्याला दिलेली साक्ष होती. कॉलेजमध्ये सेकंड इयरला हेच झालं. सरांना भर वर्गात खरं ते सांगितलं आणि बाहेर पडलो. लोक म्हणतात डस्टर फेकलं. फेकलं नव्हतं, हातातून सुटलं. सरांच्या दिशेने सुटलं, इतकंच.

५ नोव्हेंबर, गुरुवार

क्वायरची प्रॅक्टिस. मी गात नाही, पण बाहेरच्या पायरीवर बसून मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठीची, प्रार्थना करतो. ती खिडकीपाशी बसते, त्या पुठ्ठा लावलेल्या. आज फार खोकत होती. दुसऱ्या कडव्यात तर तिला थांबावंच लागलं. मी तिथल्या तिथे डोळे मिटले आणि त्या खोकल्याला अधिकाराने निघून जायला सांगितलं. ती खोकतच राहिली. पण खोकला ऐकू येत असतानाही तो गेला असं मानायचं, यालाच विश्वास म्हणतात.

खिडकीचं माप घ्यायचं होतं. टेप दुकानात राहिली.

रात्री जेवताना ताईचा फोन. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अरे, मग जाऊन बोल ना तिच्याशी.” म्हटलं, ताई, ही आत्मिक बाब आहे. तर म्हणते, “म्हणजे टरकलास.” फोन कट झाला. मीच केला, पण रागाने नाही. बॅटरी वाचवली.

८ नोव्हेंबर, रविवार

मिळालं! मार्ग मिळाला!

आज यरीहोवर उपदेश. यरीहो शहराला केवढा तट! सेनापती यहोशवाने काय केलं? भाला नाही, शिडी नाही. देवाने सांगितलं तसं सगळ्यांनी तोंड मिटून शहराभोवती रोज एक फेरी मारली. सातव्या दिवशी सात फेऱ्या, मग एकच आरोळी, आणि तट जागच्या जागी बसला. विश्वास आणि आज्ञापालन. मला बाकावर बसवेना. तिची बिल्डिंगही चौफेर मोकळी आहे. कंपाउंडबाहेरून गल्लीने पूर्ण गोल फिरता येतं.

शेवटच्या सूचना चालू होत्या, कुणासाठी तरी उभं राहून प्रार्थना करूया असं काहीतरी पाळकसाहेब सांगत होते. मी मागच्या दाराने निघालो. सूचनांत काय असतं? जाऊन पाहणी केली. मागच्या बाजूला कचऱ्याचे डबे, एक सांडणारा पाइप, एक कुत्रं. रस्ता निर्धोक आहे. ती दुसऱ्या मजल्यावर. निळे पडदे.

काच: पुढच्या आठवड्यात. हा आठवडा युद्धाचा आहे.

९ नोव्हेंबर, सोमवार

पहिली फेरी. सकाळी दुकानाआधी. एक शब्द बोललो नाही. तसं मौन पाळणं मला जड गेलं नाही. खोलीवर बोलायला आहे कोण? शेजारच्या भाडेकरूचा रेडिओ बोलतो, त्याला उत्तर द्यावं लागत नाही.

१० नोव्हेंबर, मंगळवार

दुसरी फेरी. पाइपापाशी घसरलो. कुत्रं अर्धी फेरी मागे भुंकत आलं, उरलेली अर्धी गुपचूप सोबत आलं. सैन्य वाढतंय.

११ नोव्हेंबर, बुधवार

सैतान जागा झाला. वॉचमन काकांच्या रूपाने.

तिसऱ्या फेरीला त्यांनी गेटमधून हटकलं, “ओ भाऊ, कोण पाहिजे? रोज काय घिरट्या घालता?” मी ओठांवर बोट ठेवलं आणि वर आकाशाकडे दाखवलं. ते वर बघून म्हणाले, “काय? टाकी साफ करायला आलात का?” तरी मी गप्प! मग म्हणाले, “डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. जा बाबा, घरी वाट बघत असतील.” हे शेवटचं मला लागलं. तरीही गप्प राहून फेरी पुरी केली. इथपर्यंत विजय.

पण फेरी संपल्यावर मौनाचा नियम लागू नाही, हे मला गेटपाशी पोचल्यावर सुचलं. मग मी बोललो. जरा जास्त बोललो. गल्ली त्यांच्या बापाची आहे का, इथून सुरुवात करून बराच मागे गेलो. खिडक्या उघडल्या. निळा पडदाही हलला. तिने माझा आवाज ऐकला असणार. भारदस्त वाटला असेल.

प्रार्थनेत क्षमा मागितली, देवाची. वॉचमन काकांची नाही, कारण सुरुवात त्यांनी केली. नवा नियम: रविवारपर्यंत त्या बिल्डिंगच्या आसपास तोंडच उघडायचं नाही, फेरी चालू असो वा नसो.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

चौथी फेरी आणि पहिलं चिन्ह! दुसऱ्या मजल्यावरचे पडदे गायब. मला दिसावं म्हणून काढले असतील. मी किती वेळ पाहत उभा राहिलो. आत भिंतीवर फ्रेमही नव्हत्या, सगळं स्वच्छ. साधी राहणी. मला आवडलं.

संध्याकाळी पायरीवर बसलो. ती प्रॅक्टिसला आलीच नाही. म्हणजे खोकलाही ऐकू आला नाही. प्रार्थनेचं उत्तर.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचवी फेरी. गेटच्या आत खोक्यांची थप्पी, वर दोरीने बांधलेल्या गाद्या. वॉचमन काका त्यातल्या एका जुन्या खाटेचे पाय तपासत होते. विचारायचं होतं, पण नियम. घर रंगवायला काढलं असावं. घर माणसं कधी रंगवतात? काही चांगलं ठरतं तेव्हाच. तट हलतोय. मला पायाखाली जाणवतंय. कुत्र्यालाही.

ताईचा फोन. “विचारलंस का?” म्हटलं, आता विचारायची वेळ गेली, आता आरोळीची वेळ आहे. मग म्हणाली, “जेवतोस ना नीट?” जेवणाचा इथे काय संबंध?

१४ नोव्हेंबर, शनिवार

जेवणाआधीच लिहायला बसलो.

सहावी फेरी. गेट जवळ आलं आणि ती जिना उतरून बाहेर आली. माझ्याकडे. माझ्याकडेच, मागे फक्त कुत्रं होतं. केस कसेतरी बांधलेले, हात धुळीने माखलेले. म्हणाली, “अहो, थांबा ना जरा. तुम्ही काचेच्या दुकानात असता ना? आजीचा मोठा आरसा आहे, आईला वाटतं वाटेत फुटेल. कसा बांधायचा तेवढं सांगता का? नाहीतर पाच मिनिटं वर येता?”

देवा, कसली ही परीक्षा! आधी कोपऱ्यांना पुठ्ठा, मग काचेवर कागदी टेपची फुली, मग गोधडी, आणि आडवा न ठेवता उभा. सगळं जिभेवर आलं होतं. मी दात आवळले. ओठांवर बोट ठेवलं. ती म्हणाली, “घसा बसलाय का?” मी मान हलवली, नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “काहीच बोलणार नाही का?”

मी नाही बोललो.

“बरं. राहू द्या,” म्हणाली. खोकली, आणि वर गेली.

विजय! देह म्हणत होता बोल, आत्मा म्हणत होता आज्ञा पाळ. फेरी पुरी केली तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, विजयाचं. नंतर वर जाता आलं असतं, असं एक मन म्हणालं. पण बुधवारी फेरीनंतर तोंड उघडलं त्याचं काय झालं ते मी पाहिलंय. आणि वर जाऊन आरसा बांधून झाल्यावर काय बोलायचं? टरकलो नाही. उद्या तट पडणारच आहे, मग आज शिडी कशाला लावायची?

आणि आरसा! संसार थाटणारा माणूस आधी आरसाच सांभाळतो.

तसं पाहिलं तर या आठवड्यात मापं आणि ताईचे फोन सोडून माझ्याशी इतकं नीट बोललेली ती एकटीच.

१५ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

शर्टाला इस्त्री केली. सात फेऱ्या, मग आरोळी. ‘हालेलूया’ ठरवलंय, तिचं नाव नको, शेजारी काय म्हणतील. परतलो की सविस्तर लिहीन. पान मोकळं सोडतो.

त्याच दिवशी, दुपार

पान मोकळं सोडायची गरज नव्हती.

सात फेऱ्या झाल्या. गेटसमोर उभा राहून छातीत होता तेवढा सगळा वारा ओतून ओरडलो. कुत्रं पळून गेलं. खिडक्या उघडल्या, पहिल्या मजल्याच्या, तिसऱ्याच्या. दुसऱ्याची उघडली नाही.

वॉचमन काका तोंडात ब्रश घेऊन आले. मला वाटलं आता मारतात. चूळ भरून म्हणाले, “दुसऱ्या मजल्यावरचे? काल दुपारीच गेले की. तिच्या वडिलांची बदली झाली. तुमच्या चर्चमध्ये नाही का सांगितलं?” मी गप्प. या वेळी नियम नव्हता.

मग म्हणाले, “त्यांची पोरगी काल मला विचारत होती, तो काचवाला मुका आहे का? म्हटलं, छे गं, बुधवारी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या त्याने, ऐकलं नाहीस? तर म्हणाली, ऐकलं. म्हणूनच विचारते.”

आरसा जिन्यातच फुटला म्हणे. तुकडे डब्यापाशी पोत्यात भरून ठेवले होते. हात न लावता कळलं, पाच एमएम, जुना चांगला माल.

काकांनी चहा विचारला. मी माफ करा म्हणालो. चहाला नाही म्हणायला म्हणालो की बुधवारचं म्हणून म्हणालो, मलाही कळलं नाही. त्यांनी दोन्ही धरलं असावं. “असू दे रे,” म्हणाले.

उपासनेला गेलो. आज साक्षीचा रविवार. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला विजयाची साक्ष द्यायचीय? मी उठलो. सवयीने उठलो. सगळे बघायला लागले. बसलो.

नंतर पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. हसतील म्हणून तयारीत होतो, हसले असते तर भांडता आलं असतं. ते हसले नाहीत. म्हणाले, “बाळा, त्यांना फिरायला सांगितलं होतं, म्हणून ते फिरले. तुला कोणी सांगितलं?” मग ते हळूच म्हणाले, “तुला जे सांगितलं होतं ते केलंस?” आणि संडे स्कूलच्या खोलीकडे बघितलं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

वेळेवर उठलो. झोपच नव्हती.

ताईचा फोन. “विचारलंस का?”

“नाही.”

“मग केलंस काय आठवडाभर?”

“फेऱ्या मारल्या.”

ती हसली नाही. ताई हसत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे. म्हणाली, “मी येऊ का दोन दिवस?” नको म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, हो म्हणायला हवं होतं. पुन्हा लावायला हवा. उद्या लावतो.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानातून लवकर निघालो. मालकांना कारण सांगितलं, काल घेतलेलं माप दिलं, तर त्यांनी काच स्वतः कापून दिली. “पाच एमएम घे. चार नको, वारा थरथरवतो,” म्हणाले. त्यांच्या मानाने हा उपदेशच झाला.

पुठ्ठा काढला. काम सुरू करण्याआधी तिच्या खुर्चीवर जरा बसलो. वारा थेट मानेवर येत होता. थोड्या वेळाने मलाही खोकला आला.

मग उठून काच बसवली, पट्ट्या ठोकल्या, बोटांचे डाग पुसले. जेमतेम अर्ध्या तासाचं काम. खोली एकदम गप्प झाली. काही करायचं उरलं नाही, म्हणून मी तिथेच उभा राहिलो, खिडकीबाहेर बघत.

प्रॅक्टिसआधी झाडायला मावशी आल्या होत्या. केरसुणी माझ्या पायाशी येऊन थांबली.

“जरा सरकता का?” म्हणाल्या.

मी सरकलो.