बाराच्या डावीकडे एक

३ मार्च, मंगळवार

बाबांनी एका शिक्षिकेचं मनगटी घड्याळ खोललं, साफ केलं, जोडलं. एक चाक उरलं. घड्याळ चालतंय!

मी भिंगाखाली पाहिलं. तारीख पुढे सरकवणारं चाक. म्हणजे वेळ बरोबर, तारीख कायम तीन. बाबा म्हणाले, "कंपनीनेच जास्तीचं घातलं असणार." आई म्हणाली, "राहू द्या की! बाईंचं वय तरी वाढणार नाही."

चाक परत बसवलं. बाबांनीच. मी फक्त क्रम सांगत होते.

५ मार्च

नीट लिहून ठेवते. बाबांच्या पार्किन्सन्सला चार वर्षं झाली. हात मांडीवर असला की थरथरतो. चिमटा उचलला की गप्प. तेव्हा हात अडत नाही. अडतो तो क्रम. आधी काय, मग काय — मधेच धागा सुटतो आणि ते उघड्या घड्याळाकडे पाहुण्यासारखे बघत बसतात.

डॉक्टरीणबाई बारा तारखेला स्मरण आणि विचारशक्तीची तीस गुणांची चाचणी घेणार. सव्वीस किंवा वर — ठीक. खाली — तर बाकीचं सगळं ताडून फाइलीत 'सौम्य बोधनिक बिघाड' लिहिणार. बाबांनी आपणहून जाहीर केलं, "तसं निघालं तर दुकानाची चावी हिच्याकडे. लोक विश्वासाने घड्याळ ठेवून जातात." ही म्हणजे आई. आई म्हणाली, "नको बाई तुमची चावी! दिवसभर घरात बसून माझ्या कामात खोड काढाल."

मला विचारलं नाही. मी मत दिलंही नसतं.

८ मार्च, रविवार

आईने शिकवणी लावली आहे. शंभरातून सात वजा करत जा! बाबा: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. बिनचूक. मग म्हणाले, "आता तू." आई बहात्तरवरून चौसष्टवर गेली.

"स्वयंपाकघर बंद!" बाबा म्हणाले. "चावी इकडे."

मी हसले नाही. फार नाही.

१२ मार्च, गुरुवार

चाचणी.

वजाबाकी छान. पाच शब्दांपैकी दोन विसरले, आणखी दोन गुण किरकोळ गेले. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं." पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला! मला वाटलं, इथे तरी पैकीच्या पैकी.

गोल सुरेख. बारा वर. मग बाराच्या डावीकडे एक, दोन, तीन… सगळं उलट्या फेऱ्याने. काटे आपापल्या आकड्यांवर अचूक. घड्याळ आरशात पाहावं तसं.

तीनपैकी एक गुण, फक्त गोलाचा. एकूण चोवीस.

मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. म्हटलं, "हे चुकलेलं नाही. घड्याळजी घड्याळ पाठीमागून पाहतो. तबकडी खाली, यंत्र वर. त्या बाजूने काटे उलटेच फिरतात. तुम्ही कोणती बाजू ते सांगितलं नव्हतंत." कागद उजेडासमोर उलटा धरून दाखवला. फेरा बिनचूक.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही इंजिनिअर की वकील?" पण कागद दोनदा फिरवला. बाबांना विचारलं, "असंच ना हो?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं — फार मायेने — आणि मान डोलावली.

दोन गुण वाढले. सव्वीस.

घरी आईने बाबांची पाठ थोपटली. "पास झालात हो! काठावर का होईना!"

१३ मार्च

प्रयोगशाळेत उपकरणं तपासणं माझं काम; काठावरचं मी पास करत नाही. पुन्हा मोजते.

१५ मार्च, रविवार

दुकानात बसले होते. बाबांनी एका घड्याळाला काटे लावले. तबकडी वर, तोंड समोर. पाठीमागून काटे लावताच येत नाहीत.

म्हणजे त्यांनी पुढची बाजूही पन्नास वर्षं रोज पाहिली आहे. हे मला लहानपणापासून माहीत आहे. बारा तारखेला तेवढं सोयीस्करपणे आठवलं नाही!

१७ मार्च

शेवटी विचारलं. "बाबा, ते घड्याळ उलटं मुद्दाम काढलंत?"

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "उलटं? मी सुलटच काढलं."

"मग डॉक्टरांसमोर मान का डोलावलीत?"

"तू एवढी ठासून सांगत होतीस. म्हटलं, पोरीचा काहीतरी घोळ झालाय. चारचौघांत कसं तुला खोटं पाडायचं?"

मी 'बरं' म्हटलं.

१८ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाईंना फोन करून दोन गुण परत केले. चोवीस. बाबांना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. शब्द दिला होता — चावी आईच्या हातात ठेवली. मग तिला बाजूला घेऊन, मला ऐकू जाणार नाही अशा समजुतीने म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. हल्ली तिच्या लक्षात राहत नाही."