चार महिन्यांची बदली

२४ नोव्हेंबर, सोमवार

निवड झाली! अख्ख्या कॉलेजातून एकच मुलगी फ्रान्सला जाणार, आणि ती मी — मैत्रेयी रोकडे, अंबरनाथ. चार महिने तिकडच्या एका घरात राहायचं, तिकडच्या कॉलेजात शिकायचं. मग त्या घरातली मुलगी चार महिने इकडे, माझ्या घरी. स्टुडंट एक्स्चेंज. मराठीत आदानप्रदान. भारी शब्द आहे, भाषणात चालेल.

अकरावीला फ्रेंच घेतलं तेव्हा खिडकीतला क्लार्क म्हणाला होता, "तुम्हाला कशाला फ्रेंच? मराठी घ्या, झेपेल." तुम्हाला म्हणजे नक्की कोणाला, असं तिथेच विचारलं.  त्याने फॉर्म पुढे सरकवला. मग फ्रेंच घेतलंच.

आमच्या फ्रेंचच्या मीरचंदानी मॅडमनी मिठी मारली. "बेटा, तूने तो उल्हासनगर का नाम रोशन किया!" कॉलेज उल्हासनगरचं, मी अंबरनाथची, पण असो.

नक्की जाणार का ते वीस डिसेंबरपर्यंत सही करून कळवायचंय. कळवायचं काय त्यात? जाणारच!

२६ नोव्हेंबर

संविधान दिन. माझं भाषण — विषय बंधुता. ठणकावून सांगितलं की समता आणि बंधुता आपण फ्रान्सकडून उसनी आणलेली नाही; आपल्या मातीत अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झालंय. मी तिकडे हात पसरायला नाही, बरोबरीने बसायला जातेय. टाळ्या!

टाळ्या थांबायच्या आत मॅडमनी बाजूला घेतलं.

"देख बेटा, तू तो जाएगी, पक्का. पण ती मुलगी इकडे येईल ना, ती तुझ्या वर्गातल्या जिज्ञासाकडे राहील. बदलापूरला त्यांचा फ्लॅट आहे. लिफ्ट, सेपरेट रूम, वेस्टर्न टॉयलेट. कागदावर नाव तुझंच. प्रॅक्टिकल बन."

आमच्या दोन खोल्या. वर पत्रा. संडास गल्लीच्या टोकाला, आमच्यात आणि शेजारच्या मोतीबाईंच्यात मिळून एक, धुतलेला, कुलूप लावलेला. मॅडमनी यातलं काहीच उच्चारलं नाही. किती सफाईने उच्चारलं नाही!

मी त्यांच्या घरात राहिलेली चालते. त्यांची मुलगी माझ्या घरात चालत नाही. हे आदान झालं. प्रदान कुठंय?

मॅडम वाईट असत्या तर बरं झालं असतं. त्या खरंच माझं भलं करत होत्या.

२७ नोव्हेंबर

जिज्ञासा कँटीनमध्ये. "अगं, राहू दे ना माझ्याकडे. मला पण फुकटात फ्रेंच बोलायला मिळेल. तू ना, उगाच क्रांती करतेस."

"क्रांती उगाच होत नसते."

"बरं बाई. समोसा खा, गार होतोय."

खाल्ला. भूमिका बदललेली नाही.

२८ नोव्हेंबर

प्रिन्सिपल सरांची केबिन. सर "बसा" म्हणाले, मी उभीच राहिले. "ती मुलगी माझ्या घरी राहील. नाहीतर मी जाणार नाही. ज्या घराने मला बोलायला शिकवलं ते घर लपवून मी कुठलीही भाषा बोलणार नाही."

मॅडम छताकडे बघत होत्या. सरांनी चष्मा काढला. "घरच्यांची तयारी आहे?"

"आहे!"

काय बोलले मी! अजून अंगावर शहारे आहेत.

२९ नोव्हेंबर

घरी सगळं सांगितलं. बाबा उठून उभे राहिले. "शाब्बास गं वाघीण!" आई वाटाणे सोलत होती. सोलतच राहिली.

"मला विचारलंस?"

"काय विचारायचं त्यात?"

"घर माझं पण आहे ना? मग मी नाही म्हणते."

मला वाटलं, चेष्टा करतेय. नव्हती करत.

"आई, तू लाजतेस! आपल्याला लाजायला शिकवलं गेलंय, म्हणून तू —"

"ए, स्टेज नाहीये हे. लाजत नाही गं. दमलेय. दिवसभर औषधांच्या बाटल्या पॅक करून येते, गाऊन घालते, पाय पसरते. ती समोर बसली की मी काय करायचं? साडी नेसून हसत बसू? चार महिने?"

बाबा हळूच खाली बसले.

"तुला टाळ्या पडल्या ना," आई म्हणाली, "त्या टाळ्यांचा चहा मीच करायचा."

१ डिसेंबर

आईशी अबोला. आई माझ्याशी बोलते. त्यामुळे तो जमत नाही.

३ डिसेंबर

सगळे मुद्दे मांडले. स्वाभिमान. इतिहास. आपल्या घराचा उंबरठा ओलांडून कोणी आलं, तर तो नुसता पाहुणचार नसतो, तो न्याय असतो! आवाज चढला तशी मोतीबाई दारात आल्या. "काय झालं गं? पाणी गेलं का?"

आई म्हणाली, "नाही. आलंय. थांबत नाहीये."

दोघी हसल्या. परीक्षकांसमोर मी कधी हरले नाही. इथे मला गुणच मिळत नाहीत.

सरांना जाऊन सांगू का, की घरची तयारी नाही? मग ती मुलगी आपोआप जिज्ञासाकडे. म्हणजे मॅडम बरोबर! नाही. त्यापेक्षा जाणारच नाही.

६ डिसेंबर

दादर. पहाटेपासून रांगेत. बाबा पुस्तकांच्या स्टॉलवर हरवले, आले ते युरोपचा नकाशा घेऊन. "बघ, एवढासा आहे देश."

रांग सरकत नव्हती. मी आईच्या मागे. तिच्या ब्लाउजच्या पाठीवर घामाचा नकाशा. पुढच्या बाईने पाण्याची बाटली दिली, आईने दोन घोट घेतले, मला दिली, मी मागे दिली. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. कोणी कोणापुढे हसत बसलं नव्हतं.

आणि तेव्हा मी पहिल्यांदा तिला प्रश्न विचारला. उत्तर माझ्याकडे नसलेला प्रश्न. "मग कसं असलं तर चालेल?"

तिने पदराने मान पुसली. मग म्हणाली, "पाव्हणी नको. बदली चालेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पॅकिंगच्या लाइनवर एखादी रजेवर गेली की ठेकेदार बदली धाडतो. बदलीला कोणी चहा विचारत नाही. ती येते, जाळीची टोपी घालते, उभी राहते. जिच्या जागेवर आलीय तिचं काम करते. पहिल्या दिवशी चुकते, आम्ही बोंबलतो. चौथ्या दिवशी तिच्या डब्यातलं लोणचं खातो. तू गेलीस की तुझी जागा रिकामी. पाणी भरणं, भांडी, माझ्या पाठीला बाम लावणं. ती करत असेल तर येऊ दे. मी गाऊनवरच राहीन."

पुढची बाई वळून म्हणाली, "ताई, मला पण एक बदली बघा."

मी आदानप्रदान म्हणत होते. आईने कामगाराचा शब्द दिला. तिच्या शब्दात खोटं काहीच नाही.

८ डिसेंबर

त्या मुलीला पत्र लिहिलं. नाव एलोदी. मोतीबाई म्हणाल्या, "ये लो दी? भाजीवाल्याने हाक मारल्यासारखं नाव!"

मराठीत मी अर्धा तास न थांबता बोलते. फ्रेंचमध्ये माझ्याकडे ना उपमा, ना टोला. आहेत फक्त क्रियापदं. तू सकाळी पाणी भरशील. तू भांडी घासशील. संडास घराबाहेर आहे, तो धुवायची तुझी पाळी येईल. तुला वेगळी खोली नाही. आई गाऊन घालेल. तू पाहुणी नाहीस.

पाठवून दिलं. मग मॅडमना दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "एकही 'प्लीज' नाही? फ्रेंच लोकांना? हाय राम!"

खरंच की! पण घरात आपण कृपया म्हणतो कोणाला? कृपया फक्त स्टेशनवरची बाई म्हणते.

संपलं बहुतेक. संपू दे. खोटं काही लिहिलेलं नाही.

१२ डिसेंबर

उत्तर आलं! शब्दकोश घेऊन बसले.

"तू कृपया लिहिलं नाहीस. माझी आईसुद्धा मला कधी लिहीत नाही. मी येते. इकडे माझी कामं अशी: कोंबड्यांना दाणा घालणं, आणि आजोबांना रोज पेपर वाचून दाखवणं. त्यांना ऐकू कमी येतं, ओरडून वाचावं लागतं. तुला जमेल का?"

ओरडून! बाबा हसून हसून पलंगावर आडवे झाले. आई म्हणाली, "बरोबर माणूस चाललंय."

१५ डिसेंबर

मीरचंदानी मॅडम घर बघायला आल्या. आई कामावरून नुकतीच आलेली. उठली नाही. "या. बसा. मैत्रे, चहा टाक." मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. दहा मिनिटांत दोघींचं पाठदुखीवर चाललं होतं. मॅडमची मणक्यात गॅप, आईची कंबर. मी कपबशा घेऊन उभी, माझ्याकडे कोणाचं लक्षच नाही.

निघताना मॅडम म्हणाल्या, "मैं ग़लत थी, बेटा. सरांना मी सांगते."

मी यासाठी मोठं उत्तर तयार ठेवलं होतं. वापरताच आलं नाही.

१७ डिसेंबर

सर हो म्हणाले. जिज्ञासा म्हणाली, "रविवारी तरी पाठव हां तिला माझ्याकडे." बाबांनी नकाशा भिंतीला चिकटवला.

मला चैन नाही. दुपारपासून कागद समोर आहे, सही होत नाही. विरोधात कोणी उरलेलं नाही. क्लार्क नाही, मॅडम नाहीत, आई नाही. जाऊ नकोस म्हणणारं कोणीतरी असलं की मला जायचं असतं. आता कोणीच नाही. मग मला जायचंय का? हे मी स्वतःला एकदाही विचारलेलं नाही!

समतेसाठी जायचं? ते इथेच करता येतं, कामही भरपूर पडलंय. नाव काढायला? क्लार्कला दाखवायला? तो बदली होऊन कधीच गेला.

परक्या घरात, तोडक्या भाषेत, चार महिने. तिथे मी वक्ता नसणार. कोंबड्यांना दाणा घालणारी, जेमतेम बोलणारी एक मुलगी. कोण टाळ्या वाजवणार?

आणि तरीही. ती कोंबड्यांची ओळ मी सारखी काढून वाचतेय.

१९ डिसेंबर

सही केली.

आईने विचारलं, "का जातेस गं?" इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच. मी तोंड उघडलं. मुद्दे रांगेत उभे होते. एकही पुढे आला नाही.

"जावंसं वाटतंय."

 आई म्हणाली, "हे आधी सांगायचं ना! मी कशाला नाही म्हटलं असतं?"