अण्णांच्या रक्ताची दुसरी तपासणी

उस्मानाबाद,
११ मार्च १९६४

ती. सौ. शारदाताईस,
गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार. माझी प्रकृती ठीक आहे. परंड्याला आता ऊन तापू लागलं असेल. भाचरांना किल्ल्यात हुंदडू देऊ नकोस, दगडाखाली विंचू असतात.

आमच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नवी पाहुणी आली आहे, दट्ट्याची पिपेट. आजवर आम्ही काचेच्या नळीला तोंड लावून रक्त खुणेपर्यंत ओढत होतो. जरा जोरात ओढलं की तोंडातच. हिला नुसतं अंगठ्यानं दाबायचं. दर वेळी रक्त तेवढंच येतं आणि आकडा भरवशाचा निघतो. डॉक्टरसाहेब तिची जावयासारखी बडदास्त ठेवतात.

"लोकांचं रक्त तोंडानं ओढतोस, माझ्या पंगतीला बसायचं नाही," असं म्हणून अण्णांनी मला तुळजापूरचं घर बंद केलं, हे तू जाणतेसच. मी फक्त कळवलं, की आता तोंड लावावं लागत नाही. तर परवा स्वतःच आले! पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही, म्हणून रक्तातली साखर बघायची होती. नव्या पिपेटनं तपासली. बेताची निघाली.

अण्णा खूश झाले. म्हणाले, "पाडव्याला ये. तुझ्या आईला पुरण घालायला सांगतो."

ताई, इथंच पत्र संपवावं असं फार वाटत होतं.

पण ती जखम डोळ्यांपुढून हलेना. पिपेटनं पाणी ओढून मोजलं, तर कमी भरलं. आतली चामड्याची चकती वाळून आकसली होती. रक्तच कमी आलं, तर साखर कमी दिसणारच. अण्णा बाहेर बाकावर बसले होते. बाटलीत त्यांचं रक्त उरलं होतं. मी जुनी नळी घेतली आणि तोंडानं ओढलं. साखर दुपटीहून जास्त निघाली.

बाहेर जाऊन सांगितलं. अण्णांनी विचारलं,

"यंत्रानं काढलीस का तोंडानं?"

"तोंडानं."

"मग ती मला लागू न्हाय," म्हणाले आणि लंगडत स्टँडकडे निघाले. डॉक्टरसाहेब मागं धावले, त्यांचंही ऐकलं नाही.

'यंत्रानं' म्हणालो असतो तर, असं तू विचारशील. पण यंत्राचे दोन आकडे झाले असते, आणि त्यांनी सोयीचाच धरला असता. नवी चकती पुण्याहून यायची आहे. तोवर पाय थांबणार नाही.

म्हणून तू जा. तुझा शब्द ते मोडत नाहीत. त्यांना सोलापूरला दाखव. तिथंही रक्त तोंडानंच ओढतात, पण हे अण्णांना ठाऊक नाही, तूही सांगू नकोस. इन्सुलिन लगेच सुरू झालं पाहिजे.

पाडव्याला माझं पान मांडलं नाही तरी चालेल. अण्णांचा पाय वाचू दे. मला फार भीती वाटते, ताई.

पंगतीबाहेरचा, पण तुझाच,
गोपाळकृष्ण