पंख्याला मत आणि मीरसाहेबांचे हाल

प्रिय माहगंज,

कराचीत पंखे विजेवर फिरतात म्हणे. इथे आपल्या पक्षाची निशाणी, खजुराच्या पातीचा पंखा, निवडून आलाय! तुझा बाप साबान जिंकला गं, माझा मुलगा जिंकला! दरवेळी पडायचा. तुझी आई म्हणायची, तुमच्या पक्षाची अख्खी सभा एका बाजेवर मावते, वर बाजेला जागा उरते. यंदा पडला तर पक्षाच्या कचेरीत बकऱ्या बांधणार, असं तिनं बजावलंच होतं. साबान ऐकून घ्यायचा, पण जेवण कमी झालं होतं त्याचं. बलोचांचं बोलणं बलोचांनीच मांडायचं, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलेलं. आता हरलो तर गावात पक्षाचं नाव कोण घेणार, एवढंच म्हणायचा.

आणि मतदानाच्या आधी मीर हैबत आपल्या दारात. तोच, दरवेळी निवडून येणारा सरदार. पुरुष बाहेर गेलेले, घरात थोरली मी. बसवलं, काळा चहा दिला, खजूर ठेवले. यंदा काय गोड आलेत! तुला पाठवते. तर, पाहुणा आला की हाल विचारायचे, वाटेत काय घडलं ते सगळं. मी विचारले. तो म्हणाला, सगळं खैर आहे, अम्मा. म्हटलं, खैर असू दे रे, हाल दे. घरून निघालास तिथपासून.

आता हाल द्यायचे म्हणजे खरंच द्यायचे. हालात खोटं बोलणाऱ्याला आपल्यात कोण विचारतं? कितीही मोठा मीर असो. सांगू लागला बिचारा. निघालो, नदीत उतरलो, गाडी रुतली. मी म्हटलं, नदीत कशाला उतरलास? तू तर पूल बांधलास ना, गेल्या खेपेला फीतसुद्धा कापलीस. दाराआडून बायका खुसखुसल्या. तो चहाकडे बघत म्हणाला, पूल अजून यायचाय, अम्मा. बरं, मग गाडी काढली कुणी? घाम पुसला त्यानं. म्हणाला, एका ट्रॅक्टरनं. कुणाच्या? तर म्हणे, पंख्याचा झेंडा होता त्यावर. तुझी आई इतकी हसली की तिच्या हातची किटली कलंडली.

मी कुणाला काही सांगितलं नाही हो. पण हाल का घरात बसतात? जी बाई भेटली तिला दुसरीनं हाल विचारले, तिनं दिले. मतदानाला बायकांची रांग बघायला हवी होतीस! आंधळी शारीसुद्धा नातीच्या खांद्यावर हात ठेवून आली. निकाल लागला तेव्हा साबान ढोल वाजवायचं सोडून रडत बसला, वेडा. हैबत स्वतः मुबारक द्यायला आला. माणूस वाईट नाही, पूल तेवढा बांधायला हवा होता.

आता कामाचं. या विजयाबरोबर कौन्सिलात बाईसाठी राखलेली एक जागा आपल्या पक्षाला मिळाली. मी म्हटलं, शिकलेली बघा कुणीतरी. तर पक्षाची पोरं म्हणाली, शिकलेल्या खूप आहेत, पण मीरसाहेबांना प्रश्न विचारणारी एकच आहे. तुझा बाप हसतोय नुसता. नाव दिलंय माझं. शपथ स्वतः वाचायची असते म्हणे, आणि मी अक्षर काढून किती वर्षं झाली! म्हणून पत्रं लिहून देणाऱ्या लेखनिकाला हाकललं आणि हे पत्र माझ्या हातानं लिहिलं. सगळं वाचता आलं का, ते खरं सांग. नसेल तर सुट्टी काढ आणि ये, मला शिकव. शपथेला हैबत पहिल्या रांगेत बसलेला असेल; मी अडखळले तर हाल विचारायची पाळी त्याची.

तुझीच,
कौन्सिलर होऊ घातलेली आजी, गोहर